चार वाजताचा श्वास

नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात पंचफुला अठरा वर्षं शर्टांची शिलाई तपासत होती. टाका कुठं सुटला ते तिला लांबूनच दिसे, आणि माणसांकडे पाहायची तिची नजरही तशीच. दुपारी चार वाजता दहा मिनिटं मशिनी थांबवून श्वासाचा व्यायाम शिकवणार, असं कळलं तेव्हा ती शेजारच्या आरतीला म्हणाली, "फुकटात दहा मिनटं कोणी देते का? यात काहीतरी आहे."

शिकवायला संध्या नावाची तरुण बाई आली. कोणाला बीपी, दमा, हृदयाचा त्रास आहे का, असं विचारत तिनं वही उघडली. पंचफुलाला दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू होती. पण गुडघे दुखतात म्हणणाऱ्या दोघींना मागच्या वर्षी घरी बसवलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. उलट आपण धडधाकट आहोत हे दाखवायला सगळ्यांपेक्षा जोरात श्वास ओढू लागली. संध्या हळू घ्या म्हणायची, त्यातही तिला काहीतरी डाव वाटे.

तिसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं टेबल धरलं. संध्यानं तिला खुर्चीत बसवलं, नेहमीसारखा श्वास घेऊ दिला, आणि बरं वाटल्यावर हळूच विचारलं, बीपी आहे का.

"आधी ते वही दाखव," पंचफुला म्हणाली. "माह्यं नाव कावून लिहून राहिली?"

संध्यानं वही पुढं केली. तारखा होत्या, आणि रोज किती जणी आल्या तो आकडा. नाव एकीचंही नव्हतं. पंचफुलानं मागची पानंसुद्धा उलटून पाहिली.

"आहे बीपी. मालकाले सांगशीन?"

"नाही, मावशी. पण जोर लावू नका. नाकानं सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, पाच-सहा वेळा. श्वास कोंडायचा नाही, गरगरलं की थांबायचं. अन् डॉक्टरले एकदा विचारून घ्या."

रविवारी ती भातकुलीच्या डॉक्टरकडे गेली. संध्या काय म्हणाली ते मुद्दामच सांगितलं नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठं सोमवारी तिनं पाठ ताठ करून बेतानं श्वास घेतला. पाचच्या सुमाराला जड होणारे डोळे त्या दिवशी जड झाले नाहीत. आरतीनं विचारलं तर म्हणाली, "पंखा आज बरा चालून राहिला."

महिनाभर ती त्या दहा मिनिटांच्या बदल्यात रोजचं काम वाढवतात का, यावर नजर ठेवून होती. ते वाढलं नाही. आणि एखादी नवी बाई जोरात श्वास ओढताना दिसली, की तिच्या खांद्यावर पहिला हात पंचफुलाचाच पडे.