अधिक माहितीसाठी नानांशी संपर्क साधावा

नाना गेल्याची बातमी मला नानांच्याच नंबरावरून आली. जळगावला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसले होते. फोन वाजला, 'नाना दुकान' असं नाव दिसलं, म्हणून हसतच उघडला. त्यांचं पूर्ण नाव, 'यांचे आज पहाटे हृदयविकाराने दुःखद निधन झाले', अंत्ययात्रेची वेळ... आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'अधिक माहितीसाठी नानांशी संपर्क साधावा.' मी खरोखरच त्या नंबरावर फोन लावला. उचलला मामीने. ती नुसती रडत राहिली, तेव्हा मला खरं वाटलं. तो मेसेज दुकानातल्या योगेशने पाठवला होता. संगणकात जेवढी गिऱ्हाइकं होती तेवढ्यांना, म्हणजे सोनगीरपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांना तो एका दमात गेला. शेवटची ओळ कायमची बसवलेली होती, ती काढायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोक नानांना फोन करत होते. एकाला मामीने रडत सांगितलं, "नाना नहीत हो आते." त्यावर तो म्हणाला, "मग कधी भेटतील?"

नाना म्हणजे माझे सख्खे मामा. पण गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. सोनगीरला हायवेच्या आतल्या रस्त्यावर त्यांचं मंडप आणि केटरिंगच्या सामानाचं दुकान. समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून, भास्करभाऊंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. दोघं पहिलीपासूनचे मित्र. नानांची मोठी पातेली भास्करभाऊंनी घडवून घेतलेली, आणि भास्करभाऊंच्या घरचं प्रत्येक कार्य नानांच्या मंडपाखाली झालेलं. दुपारचा चहा एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. असे हे दोघं, आणि नाना गेले तेव्हा त्यांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. भांडण शेताच्या बांधावरून नव्हतं, निवडणुकीवरून नव्हतं. ते झालं होतं संगणकावरून, आणि नानांच्या शेवटच्या दोन वर्षांत ते मिटावं याखेरीज त्यांना दुसरं काहीही नको होतं. मी व्यवसाय व्यवस्थापन शिकते. 'व्यवसायातील माहिती प्रणाली' असा आम्हाला एक अख्खा विषय आहे. तो मला पुस्तकातून जेवढा कळला, त्याहून जास्त या भांडणातून कळला.

सुरुवात आमच्या कॉलेजातच झाली. सुट्टीला मला न्यायला नाना गाडी घेऊन आले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून ते थेट वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. सरांना वाटलं, कुणी तपासणीला आलं असावं. त्या दिवशी सरांनी जे शिकवलं तसं आधी कधी शिकवलं नव्हतं, नंतरही नाही. माहिती हे धंद्याचं रक्त आहे, ती फिरती राहिली पाहिजे, वगैरे वगैरे. नाना मान डोलावत ऐकत होते. तास संपता संपता त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "सर, खुर्च्या हरवतात, त्याच्यावर काही आहे का यात?" सर म्हणाले, "नक्कीच आहे." झालं. धुळे येईपर्यंत नानांनी मला बोलू दिलं नाही. "सोनल, मास्तर जे सांगी राह्यना, ते बठ्ठं आपला धंदाले लागू शे." बठ्ठं म्हणजे सगळं.

आठ दिवसांत संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि त्या खोलीत चपला घालून यायला बंदी झाली. जुनी माणसं यंत्राला घाबरतात असं आमच्या पुस्तकात एक प्रकरण आहे. ते लिहिणाऱ्याची नानांशी गाठ पडायला हवी होती. इथे घाबरत होतो ते आम्ही. माझ्या प्रकल्पाचा विषय त्यांनीच ठरवून टाकला, आणि सुट्टीभर मला दुकानात बसवलं. पहिलं काम, प्रत्येक खुर्चीला नंबर. पेंटर बोलावून सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर मोठ्या आकड्यांत नंबर टाकून घेतले. कुठली खुर्ची कुठल्या कार्याला गेली आणि परत आली की नाही, हे एका क्षणात कळावं, अशी कल्पना. पुढच्याच लग्नात वराकडच्या मोठ्या काकांना कुणीतरी सत्तेचाळीस नंबरच्या खुर्चीवर बसवलं आणि मुलीचे मामा एक नंबरच्या खुर्चीवर बसलेले काकांनी पाहिले. अक्षता बाजूला राहिल्या. "आम्ही सत्तेचाळीसावे का?" यावर मांडवात पंचायत बसली. नानांनी त्यावर तोड काढली. पेंटरला परत बोलावलं आणि पुढच्या दोन रांगांतल्या सगळ्या खुर्च्यांवर एक हाच नंबर घालून घेतला. मी डोक्याला हात लावला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी मला विचारलं होतं, की नोंदीचा क्रमांक एकमेव का असावा लागतो? पुस्तकातलं उत्तर मी दिलं, पण मनात म्हटलं, बाई, वराकडे काका किती आहेत त्यावर ते अवलंबून आहे.

यानंतर नानांनी मेसेज सुरू केले. कार्य उरकलं, सामान परत आलं, योगेशने 'जमा' असं बटण दाबलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाला आपोआप आभाराचा मेसेज जावा, असं त्यांना हवं होतं. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. दोन दिवस लिहीत होते. 'कळविण्यास आनंद होतो की आपली सेवा करण्याचे भाग्य आम्हांस लाभले. आपल्या घरी अशीच कार्ये वारंवार होवोत आणि सेवेची संधी आम्हालाच मिळो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.' वर गुलाबाचं चित्र, खाली सनईवाल्यांचं. मी नोंदीत एक रकाना ठेवला होता, लग्न, साखरपुडा, जाऊळ, जयंती, पुण्यानुमोदन, दहावं, तेरावं, यांतलं नेमकं काय ते लिहायला. तो नानांनी पहिल्याच आठवड्यात काढायला लावला. योगेशचा वेळ जातो म्हणाले. मी वाद घातला. ते म्हणाले, "लगीन शे का तेरावं शे, आपले काय करनं? खुर्च्या त्याच, पातेलं तेच." गोदामाच्या बाजूने पाहिलं तर ते खरंच होतं. तेराव्याला फक्त कमान लागत नाही.

त्याच पावसाळ्यात भास्करभाऊंची आई वारली. नाना लहानपणी निम्मं जेवण तिच्या हातचं जेवलेले. तिला तेही 'माय'च म्हणायचे. तिला खांदा त्यांनी दिला, तेराव्याचा मंडप त्यांनी उभा राहून बांधून घेतला, पंगतीत स्वतः वाढलं, आणि संध्याकाळी घरी येऊन न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करभाऊंच्या घरी अजून पाहुणे होते. पोह्यांच्या ताटल्या फिरत होत्या. भाऊंचा फोन वाजला. चष्मा जवळ नव्हता, नाव तेवढं ओळखू आलं, म्हणून त्यांनी तो सुनेकडे दिला आणि म्हणाले, "नानाचा आहे, वाच मोठ्याने." बिचारीने वाचला. आपल्या घरी अशीच कार्ये वारंवार होवोत, इथपर्यंत आली आणि थांबली. तेवढ्यात एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या आत्या म्हणाल्या, "पुढचं वाच की." तिने तेही वाचलं.

नानांच्या कानावर हे तासाभरात आलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. उठून तडक जावं की नाही, या विचारात ते उंबऱ्यात उभे राहिले, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, परत संगणकाच्या खोलीत गेले. चूक यंत्राने केली, तर यंत्रानेच निस्तरावी, असं काहीसं ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना लाज वाटली होती. माफीचा मजकूर त्यांनी मला न विचारता योगेशकडून पाठवला. वरची पहिली ओळ कायमची बसवलेली होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भास्करभाऊंना गेलं ते असं, 'कळविण्यास आनंद होतो की आमच्याकडून मोठी चूक झाली.' गुलाब होताच. मी धावतपळत ती वरची ओळ काढून टाकली. खालची ओळ, नानांशी संपर्क साधायची, निरुपद्रवी म्हणून राहू दिली.

तिथून अबोला सुरू झाला. हाकेच्या अंतरावर दुकानं, आणि दोघंही दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसायचे. पातेल्यांना पोचे पडले की नाना ती टेम्पोत घालून धुळ्याला पाठवायचे, आणि टेम्पो भास्करभाऊंच्या दुकानावरूनच जायचा. भास्करभाऊंच्या नातवाचं जाऊळ झालं, त्याचा मंडप शिरपूरहून आला. तो मंडप बांधताना नाना समोर उभे राहून बघत होते. "दोऱ्या ढिल्या शेत," एवढंच म्हणाले, आणि योगेशला पाठवून गुपचूप दोऱ्या आवळून घेतल्या. रोज सकाळी दुकान उघडलं की ते फोन काढून माफीचा तो मेसेज पाहायचे. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे वाचलेला होता. उत्तर नव्हतं. मी कितीदा म्हटलं, "नाना, रस्ता ओलांडायचा आहे फक्त, जा ना." ते म्हणायचे, "पहिले त्याना जवाब येऊ दे, मंग जासू." मामी चिडायची, मी चिडायचे. ते ऐकायचे नाहीत. आमच्या पुस्तकात एक आकृती आहे, माहिती आत जाते, तिच्यावर प्रक्रिया होते, ती बाहेर येते, आणि मग खालून एक बाण वळून परत सुरुवातीला येतो. त्या बाणावर मी पाच गुणांचं उत्तर लिहिलं आहे. सोनगीरच्या त्या रस्त्यावर तो बाण दोन वर्षं आला नाही, आणि त्याची वाट बघणारा माणूस माझ्या घरातला होता.

आमची शेवटची भेट दिवाळीत झाली. दुकानात आम्ही दोघंच होतो. नानांनी चिवडा माझ्यापुढे सरकवला, फोन हातात घेतला आणि विचारलं, "सोनल, वाची लिन्ह्यावर तो हासना का रागावना, ते समजानी काही सोय नही का यामा?" मी म्हटलं, "नाही नाना, तशी सोय नाही." त्यांनी फोन खिशात ठेवला. "मंग अर्धीच सिस्टीम शे ही," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत... आता वाटतं, त्या वेळी त्यांचा हात धरून त्यांना ओढत पलीकडे न्यायला हवं होतं. पण मामाला कोण ओढून नेतं? आणि नाना वजनाने माझ्या दुप्पट होते.

अंत्ययात्रेला भास्करभाऊ आले होते. स्मशानात सगळ्यांच्या मागे, लिंबाखाली उभे होते, आणि तिथूनच निघून गेले. तेराव्याला आले नाहीत. मामीला ते फार लागलं. "मरेल मानूसवर काय राग धरनं," असं ती दिवसभर म्हणत होती.

गेल्या रविवारी मी सोनगीरला गेले होते. दुकान चालवायचं की विकायचं हे मामीचं अजून ठरत नव्हतं, म्हणून संगणकातल्या नोंदी मी बघत बसले होते. दुपारी ऊन चढलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भास्करभाऊ त्यांच्या दुकानातून उठले, धोतर सावरलं आणि रस्ता ओलांडून सरळ आत आले. दाराशी चपला काढल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीवर नानांचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्यासमोर उभे राहिले आणि सुरू झाले. "नालायक! गधडा! माय मनी गयी, घरभर रडापड चालू, आनि तू गुलाबना फूल धाडस?" त्यांचा आवाज एवढा चढला की मामी आतून पदर सावरत धावत आली. ते थांबले नाहीत. हलकट झालं, बेअक्कल झालं, सातवीत नानांनी केलेली कसलीशी चोरी निघाली. "मेसेज ऊना तुना. तू काबरं नही ऊना? रस्ता वलांडाले तुले काय झायं व्हतं? दोन वरीस वाट देखी मी! चार शिव्या देवान्या व्हत्यात तुले, मंग बसीसन चहा पेवाना व्हता. इतलंच व्हतं. तुना मुडदा ब..."

तिथे ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. मामीने तोंडाला पदर लावला, आणि ती रडते आहे असं मला वाटलं, पण ती हसत होती. मग रडायला लागली. भास्करभाऊ एका खुर्चीवर बसले. तिला म्हणाले, "वहिनी, चहा ठेवा." मामी आत गेली. कपाट उघडल्याचा, पातेलं मांडल्याचा आवाज आला. भास्करभाऊंनी खुर्ची ओढून फोटोच्या अगदी जवळ घेतली आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. पातेल्यांचं सांगत होते, नातवाचं सांगत होते, शिरपूरवाल्याने मंडप कसा वाकडा बांधला ते सांगत होते. संगणक जुना झालाय, त्याचा पंखा फार घरघरतो. नानांना नीट ऐकू यावं म्हणून मी तो बंद केला.