अक्का मला ‘जेवलास का’ विचारत नसे

अक्का, माझी थोरली बहीण, गेल्याचा फोन होसकोट्याहून आला, तेव्हा मी जेवायला बसलो होतो. त्याला दीड महिना झाला. भेटायला आलेले सगळे तिच्या कष्टांबद्दल, तिच्या शिवणाबद्दल बोलले. कोर्टाचा विषय कोणी काढला नाही. तिथे खरं काय झालं ते ठाऊक असलेला आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा, धाकटी बहीण शांता सहाची. अप्पा मारकुटे नव्हते, पण पत्त्यांच्या नादात तीन-तीन दिवस घरी येत नसत. अक्काने जाब विचारला म्हणून त्यांनी तिला घराबाहेर काढलं. बेंगळुरातच, चिकपेटेत एका दुकानात ती ब्लाउज शिवायची, मागच्या खोलीत राहायची, आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आमच्यासाठी डबा घेऊन उभी असायची. एका सोमवारी सकाळी शांता प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. रविवारी शाळा नव्हती, म्हणून डबाही नव्हता. बावीस वर्षांच्या अक्काने कोर्टात अर्ज केला, की दोघांना माझ्या ताब्यात द्या. बापाला कोर्टात ओढणारी मुलगी म्हणून आमचे लोक तिच्याशी बोलेनासे झाले.

न्यायाधीशांनी मला एकट्याला आत बोलावलं. माणूस प्रेमळ. हसून म्हणाले, “ऊट आयता, मरी?” जेवण झालं का, बाळा? आमच्या बेंगळुरात रस्त्यात भेटणाराही हे विचारतो, आणि पोट रिकामं असलं तरी ‘आयतु’, म्हणजे झालं, असंच म्हणायचं, ही आईची शिकवण. मी म्हणालो, “आयतु.”

“कोणी वाढलं?”

“अप्पांनी.”

आदल्या दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. पहिलं उत्तर सवयीचं होतं... दुसरं नव्हतं. अर्धवट उघड्या दारातून उसना कोट घालून, मान खाली घालून बसलेले अप्पा मला दिसत होते.

अर्ज फेटाळला गेला. बिनलग्नाच्या मुलीला ताबा कोण देणार, असं सगळे म्हणाले, आणि साठ वर्षं मीही तेच सांगत आलो. ते खरं नाही. निकालात माझं उत्तर लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी शांता तापाने गेली. अप्पा तेव्हाही बाहेरच होते. तिच्या दहाव्याला अक्का माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, “कोर्टाच्या पायरीवर मी डबा घेऊन बसले होते रे. स्वल्प भूक आहे, एवढंच म्हणायचं होतंस.”

त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही. ‘जेवलास का’ असंही मला कधी विचारलं नाही. लग्न होऊन ती होसकोट्याला गेली. मी कधीही गेलो, अगदी भरल्या पोटी, तरी ती न बोलता फळीवरची पितळी थाळी काढून माझ्यापुढे मांडायची. मीही न बोलता जेवायचो.

परवा तिच्या घरी गेलो. सुनेने दारातच विचारलं, “ऊट आयता, मामा?” मी घरून जेवून निघालो होतो, पण ‘झालं’ हा शब्द तोंडातून निघेना.

“नाही,” म्हणालो.

तिने फळीवरची थाळी काढली.