पाक कार्सोची शिसारी

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरात, विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीची सहा दुकानं आहेत. पाच दुकानांत गिऱ्हाईक पायरी चढलं की ‘या, बसा’ म्हणतात. सहाव्या दुकानात पाक कार्सो आधी गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघतो. हात तेलकट असले, नखांत चटणी असली, तर तो तोंडाने काही बोलत नाही. बोटाने कोपऱ्यातला नळ दाखवतो. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला ‘पाक’ म्हणतात आणि बाईला ‘बू’, आणि दोघांनाही असं बोट दाखवायची रीत नाही. पण कार्सोचं काम चोख, म्हणून लोक मुकाट्याने हात धुऊन येतात.

या माणसाला घाणीची चीड होती. चीड कसली, शिसारीच. आणि देवाने काम दिलं ते लोकांची घाण उपसायचं. जुना लॅपटॉप तापून बंद पडतो म्हणून माणसं घेऊन येतात, आणि दहांतल्या नऊ वेळा आत बिघाड असा काही नसतोच. असते ती नुसती घाण. पंख्याच्या जाळीत धूळ आणि मांजराचे केस बसून बसून चक्क नमदा तयार होतो. पंखा बिचारा फिरतो, पण हवा जायची कुठून? लवंगेच्या सिगारेटी ओढणाऱ्यांचा लॅपटॉप तर तो वासावरूनच ओळखायचा. आत सगळीकडे पिवळा चिकट थर, त्यावर राख आणि राखेवर मेलेल्या मुंग्या. एकदा पालीची दोन अंडी निघाली होती. एकदा झुरळाचं अख्खं खानदान निघालं, बाळंतिणीसकट. एका प्राध्यापकाच्या यंत्रात तर कापलेली नखं सापडली. त्या दिवशी कार्सो दुपारी जेवला नाही.

“मशीन तापत नाही हो,” तो म्हणायचा, “माणूस घाणेरडा असतो. मशीन फक्त ते सांगतं.”

ही खोड जुनी होती. वोनोगिरीकडच्या एका खेड्यात त्याच्या बापाचा बकऱ्यांचा धंदा होता, आणि घर इतकं लहान की पोरं गोठ्याच्या माळ्यावर निजायची. खालून रात्रभर बकऱ्यांच्या मुताचा भपकारा वर यायचा. शाळेत त्याच्या बाकावर कुणी बसायचं नाही. पंधराव्या वर्षी तो सोलोला पळून आला, रेडिओ दुरुस्ती शिकला, मग टीव्ही, मग लॅपटॉप. आणि पहिल्या कमाईतून त्याने साबण घेतला. बायको म्हणायची, “दिवसातून पाच वेळा नमाजासाठी हातपाय धुतो माणूस, पण ह्यांचं तेवढ्याने भागत नाही. हे माझ्याशी बोलल्यावरसुद्धा हात धुतात.” ती थट्टा करायची, पण घरात त्याचा चमचा वेगळा ठेवायची.

अशा माणसाकडे एका बुधवारी सकाळी बू तिनाह आली.

दोन गल्ल्या सोडून तिचं छपाईचं छोटं दुकान. झेरॉक्स, लग्नाच्या पत्रिका, आणि मुख्य काम म्हणजे मयताच्या पुस्तिका. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, शंभराव्या दिवशी, हजाराव्या दिवशी घरात शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात. तेव्हा प्रत्येकाच्या हातात प्रार्थनेची एक पुस्तिका द्यायची, वर गेलेल्याचा फोटो, आत नातलगांची नावं. त्या मोहल्ल्यातला गेल्या बारा वर्षांतला प्रत्येक मयत तिच्या एकाच लॅपटॉपातून गेला होता. तोच लॅपटॉप आज तिने सुती कापडात गुंडाळून आणला होता.

“पाच मिनिटं चालतो, पाक, आणि पटकन मरतो,” ती म्हणाली. “उद्या संध्याकाळी आमच्या ह्यांचा हजारावा दिवस आहे. दीडशे पुस्तिका व्हायच्यात. अजून आतली नावंसुद्धा लावून झाली नाहीत.”

“सुवार्दींना हजार दिवस झाले?”

“उद्या होतील.”

सगळ्या गावाच्या मयतांच्या पुस्तिका वेळेवर देणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याची पुस्तिका देता आली नाही, तर उद्या पाहुणे हातात काय धरणार? ती असं काही बोलली नाही. कार्सोला ते न बोलताही कळलं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. शाई होती, पण हात धुतलेले होते.

“बसा,” तो म्हणाला. हा त्याच्याकडून मोठाच मान होता.

लॅपटॉप उलटा केला मात्र, त्याचं तोंड वाकडं झालं. खालच्या झाकणावर पांढरे डाग होते, वाळलेल्या पाण्याचे.

“हे काय?”

“बर्फ,” बू तिनाह हळूच म्हणाली. “समोरचा सरबतवाला पिशवीत बांधून देतो. खाली ठेवलं की जरा जास्त वेळ चालतो.”

“विजेच्या यंत्राखाली बर्फ! बू, तुम्हाला मरायची घाई आहे का? अहो, जगात गाढवपणाला काही सीमा!”

“चुकलंच, पाक.”

“आणि हा कुबट वास कसला?”

“ओला टॉवेल. बर्फ नसला की.”

“शी!” कार्सोने नाकाला रुमाल बांधला. “आधीच का नाही आणलात? किती दिवस चाललंय हे?”

“झाले थोडे,” ती म्हणाली आणि पायरीकडे बघत राहिली.

एकेक स्क्रू काढून त्याने ते झाकणावर ओळीने मांडले. आत धूळ होती, कागदाचा भुगा होता, पण खरं तर त्याच्या अपेक्षेपेक्षा कमीच. बाई स्वच्छ होती. मग इतकं तापायचं कारण काय? त्याने पंखा आणि तांब्याची नळी एकत्रच उचलली, आणि खाली प्रोसेसरवर पाहिलं.

तिथे राखाडी पेस्ट हवी होती. उष्णता तांब्यापर्यंत पोहोचवते ती. तिच्या जागी वाळलेला, तडे गेलेला, खडूसारखा पांढरा पापुद्रा होता. कार्सोने काडीने तो खरवडला, नाकाजवळ नेला, आणि काडी टाकून दिली.

“टूथपेस्ट!” तो ओरडला. “बू, ह्या हरामखोराने आत टूथपेस्ट लावलीय! दात घासायची!”

बू तिनाह पुन्हा पायरीकडे बघायला लागली.

“दोन दिवस गार ठेवते, मग वाळते आणि भट्टी होते. हे त्या मॉलमधल्या टवाळांचं काम. मला ठाऊक आहेत ती लोकं. तोंडात सिगारेट आणि बोटांना समोशाचं तेल! अशा माणसाच्या हातावर उकळतं तेल ओतलं पाहिजे. लाज नाही, शरम नाही. बाईमाणसाचं पोटाचं साधन, आणि त्यात हा… थू! मला तर ओकारी येते अशा लोकांची. तुम्हाला नाही येत?”

“हो ना, पाक,” बू तिनाह म्हणाली. “काय एकेक माणसं असतात.”

“नाव सांगा त्याचं. मी जाऊन चार शब्द ऐकवून येतो.”

“जाऊ द्या हो. झालं ते झालं.”

“हे तुमचं ‘जाऊ द्या’च नडतं!” असं म्हणत त्याने जाळी झटकायला पंखा उलटा केला.

पंख्याच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली होती. चार वर्षांपूर्वीची, ईदच्या आधी दोन दिवसांची. तारखेपुढे एक ‘क’ होता, लांब शेपटीचा. गल्लीतल्या सहा दुकानांत काम केल्यावर आत तारीख टाकणारा माणूस एकच.

कार्सोने पंखा उजेडाकडे धरून ती तारीख पुन्हा वाचली.

आता सगळं आठवलं. ईदला अख्खं शहर आपापल्या गावी गेलेलं, पार्सलवाले बंद, पेस्टची ट्यूब रिकामी. सुवार्दी इथेच, ह्याच स्टुलावर बसला होता. ईदच्या पत्रिकांचं काम अडलं होतं. कार्सो मागे न्हाणीघरात गेला आणि टूथपेस्ट बोटभर घेऊन आला. तात्पुरती, दोन दिवसांची सोय. सुट्ट्या संपल्या की बोलावू, नीट करून देऊ. मग सुट्ट्या संपल्या, पेस्ट आली, आणि तो विसरला. विसरला म्हणजे पहिला आठवडा विसरला. नंतर आठवलं होतं एकदा, पण ‘आला तर बघू’ म्हणून सोडून दिलं. सुवार्दी काही परत आला नाही. तक्रार नाही म्हणजे काम बरं झालं असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि जाऊन हात धुतले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. एवढा वेळ ज्या हरामखोराच्या हातावर तेल ओतायची भाषा चालली होती, तो हात आता त्याच्या डोळ्यांसमोर पंखा धरून बसला होता.

आणि त्या हाताने काय करावं? कापसाला स्पिरिट लावलं आणि पेन्सिलीची तारीख पुसून टाकली. एका फटक्यात. बू तिनाह पायरीकडे बघत होती; त्याच्या हाताकडे बघत नव्हतीच, असं मात्र म्हणता येईना.

मग मात्र त्याने काम केलं, जसं करायला हवं तसं. पांढरा पापुद्रा कणाकणाने काढला, तांबं आरशासारखं केलं, जाळीतला भुगा ब्रशने उपसला, पंख्याला तेलाचा एक थेंब दिला. राखाडी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, बरोबर मधोमध. स्क्रू एकदम न आवळता तिरपे तिरपे, थोडे थोडे. यंत्र सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. पंखा शांतपणे श्वास घेत होता आणि झाकण हाताला कोमट लागत होतं, बस.

बू तिनाहने पुस्तिका उघडली. पडद्यावर सुवार्दी आला, काळी टोपी, चौकटीची लुंगी, कुणाच्या तरी लग्नातला. कार्सोला तिकडे बघवेना. त्याच्या नाकात तोच गोठ्याचा वास भरला, आणि या वेळी तो वास बकऱ्यांचा नव्हता.

“बू,” तो म्हणाला, “ती टूथपेस्ट… ती मीच लावली होती.”

“ठाऊक आहे, पाक.”

“ठाऊक आहे?”

“हे बघत होते ना. तुम्ही न्हाणीतून बोटावर घेऊन आलात ते. घरी येऊन म्हणाले, तिनाह, आपल्या लॅपटॉपला आता पुदिन्याचा वास येतो.” ती जराशी हसली. “आम्ही पुष्कळ हसलो तेव्हा.”

“मग परत का आला नाहीत? दुसऱ्या कुणाकडे तरी जायचं!”

“दुसऱ्याकडे जायचं तर तुमच्या दारावरूनच जावं लागतं. तुम्ही बघितलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं.” तिने कापडाची घडी घातली. “हे म्हणाले, माणूस टापटिपीचा आहे, त्याला लाजवू नकोस. मग आम्ही पहाटे काम करायला लागलो. पहाटे हवा गार असते, दीड तास चालायचा. हे गेल्यावर मी एकटीच करायची. आता पहाटेही टिकेना, म्हणून आणला.”

“चार वर्षं?”

“सवय होते हो.”

“आणि आत्ता मी शिव्या देत होतो, तेव्हा तुम्ही हो ला हो करत होतात!”

“तुम्ही रागावला होतात, पाक. मध्ये कसं बोलणार?”

कार्सोला तिची किळस आली. खरंच आली; क्षणभर का होईना, त्या गोड बोलण्याची, त्या झुकलेल्या मानेची, माणसाला चिखलात बुडू देऊन वरून ‘चुकलंच’ म्हणणाऱ्या सभ्यपणाची. एका शब्दात सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. आणि मग लगेच त्याला कळलं की ही किळस कुठे ठेवायची ते आपल्याला कळत नाही म्हणून आपण ती या बाईच्या डोक्यावर ठेवतोय. ज्याच्या घाणीची चार वर्षं लाज राखली गेली, त्याने राखणारीला नावं ठेवायची?

“मला शिव्या द्या,” तो म्हणाला. “मोठ्याने द्या. गल्लीला ऐकू जाऊ दे.”

“इश्श, काहीतरीच!” बू तिनाह गडबडून उठली. “उद्या संध्याकाळी प्रार्थनेला या. बायकोला घेऊन या. भात आहे, कोंबडी आहे.”

तिने पैसे पुढे केले, त्याने हात मागे घेतले. तिने ते टेबलावर ठेवले, त्याने पुन्हा तिच्या पिशवीत घातले. मग तिने लॅपटॉप कापडात गुंडाळून काखेत घेतला, पायरी उतरली, आणि उतरून परत वळली.

“पाक, एक विचारू? राग नका मानू हं.”

“विचारा.”

“ह्या वेळी ती खरी पेस्टच घातलीत ना?”

ती एवढा वेळ त्याच्या समोर बसली होती. राखाडी ट्यूब तिच्या नाकासमोर उघडली होती. चार वर्षांत तिने तोंडातून काढलेली ही पहिली तक्रार, आणि तीही माफी मागून.

“हो, बू,” कार्सो म्हणाला. “खरी आहे.”

“झालं तर मग,” ती म्हणाली, मान तुकवून हसली आणि गल्लीच्या वळणावर नाहीशी झाली. तिचा खरंच विश्वास बसला होता, का तिने पुन्हा एकदा नुसता त्याचा मान राखला होता, हे पाक कार्सोला आता आयुष्यात कधी कळणार नव्हतं.