अर्धवट अक्षरांचे रुपये

माझे वडील संस्थानच्या टांकसाळीत रुपये पाडायचे. चांदीच्या कांबीचे तुकडे करायचे, ते तोलून ठोकून गोल करायचे, चिंचेच्या पाण्यात उकळून उजळायचे. मग तुकडा दोन ठशांमध्ये धरून घणाचा एकच घाव. ठसा रुपयाहून मोठा असे, त्यामुळे प्रत्येक रुपयावर बादशहाच्या नावाची अर्धीमुर्धी अक्षरंच उमटत. बादशहा नावापुरताच होता. "नाव म्हणजे नुसता मान गं," आबा सांगायचे, "रुपया खरा ठरतो तो चांदीवर."

इंग्रजांनी टांकसाळ बंद केली आणि आम्ही कल्याणला आलो. मी नऊ वर्षांची असताना तिथल्या एका सराफाच्या मुलाशी माझा साखरपुडा ठरला. आबांनी ताटात आपल्या हातचे अकरा रुपये ठेवले. सराफाने एक उचलला आणि चारचौघांत म्हणाला, "अक्षरं तुटकी आहेत. हे घरी पाडलेले खोटे रुपये." पाहुणे उठले. महिन्याभरात त्याने मुलासाठी मोठ्या घरची सून आणली, तेव्हा त्याचा डाव आम्हाला कळला. आबांना मात्र कल्याणात कोणी काम देईना. मला ठाण्याच्या एका बिजवराला दिली.

वीस वर्षं मी तो सराफ विसरले नाही. मग त्याच्या नातीचा साखरपुडा माझ्या सासरच्या भावकीत ठरला आणि मुलाकडची म्हणून मी कल्याणला गेले. मुलीच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ होती. मी ती हातात घेतली आणि सगळ्यांसमोर सराफाला विचारलं, "काका, यात पुऱ्या अक्षरांचा एक तरी रुपया आहे का?"

"जुने रुपये असेच असतात," तो म्हणाला.

"मग हे खरे?"

"खरेच."

"तर माझ्या वडिलांचे खोटे कसे होते?"

तेव्हा त्याने मला ओळखलं. मी सगळी हकीकत सांगितली. मुलाचे वडील स्वतः पेढीवाले; त्यांनी माळ निरखून पाहिली, खाली ठेवली आणि माणसांना म्हणाले, "चला." मुलगी रडू लागली. मी तिच्याकडे पाहिलं, पण कोणाला थांबवलं नाही.

आबा तेव्हा माझ्याकडेच असत. घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी केवढी होती गं?"

"नऊ-दहाची."

ते पानावरून उठून गेले. मी मात्र पोटभर जेवले.