कठडा

स्कॉटलंडच्या मैदानांवर कुणी विचारेना, तेव्हा फर्गस हॉलमधल्या फुटबॉलकडे वळला. काही वर्षं अमेरिकेत खेळला, मग बायकोच्या, मुक्ताच्या, संशोधनापायी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आला. आता गुडघा कुरकुरत होता. आज दुखला तर खेळ सोडेन, असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

"भिंतीला लागलेला चेंडू चालतो होय गं?" प्रेक्षकांत बसलेल्या गयाबाईंनी लेकीला, मुक्ताला, विचारलं. "मग खेळाडूंनी बाहेर यायचं तरी कधी?"

"दमला की ज्यानं त्यानं आपणच यायचं, आई. खेळ थांबत नाही."

तेवढ्यात फर्गस मैदानाभोवतीच्या कठड्यावर आदळला. उठला, पण डावा पाय टेकवेना. प्रशिक्षकानं बाहेर येण्याची खूण केली. फर्गसनं नकारार्थी मान हलवली. आज बाहेर पडलं तर पुढच्या वर्षी संघात कुणी घेणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मुक्ता ताडकन उठली. "फर्गस, बाहेर ये!" ती मराठीतच ओरडली.

"अगं, चारचौघांत नवऱ्यावर ओरडतेस?" गयाबाईंनी तिचं जॅकेट ओढलं.

फर्गस थबकला. मग कठडा ओलांडून लंगडत आला आणि मुक्ताकडे पाठ करून त्यांच्या पुढ्यातल्या बाकावर बसला.

गयाबाईंनी शालीची घडी करून बाकावर ठेवली. "जावईबापू, राग हिच्यावर काढा. पाय मात्र वर घ्या."

त्यानं पाय वर घेतला. मुक्ताकडे पाहिलं नाही.