काचेतला झगा

लंडनमध्ये, हॅरोला, आमच्या शेजारी मॅसेडोनियाची एक आजी राहायची, लेकीकडे. तिचं इंग्लिश मोजकंच, आणि मला तिच्या भाषेचा गंध नाही. तरी कुंपणावरून आमचं छान जमायचं. ती भाजलेल्या मिरच्या द्यायची, मी लोणचं.

एकदा तिने मला वरच्या खोलीत नेऊन पेटी उघडली. आत तिचा लग्नातला झगा. जाड पांढरं कापड आणि बाह्यांवर काळ्या-तांबड्या लोकरीचा कशिदा, इतका दाट की खालचं कापड दिसेना. सगळा तिने स्वतः भरलेला. लेकीने सांगितलं, त्यांच्या गावाकडे बाई हा लग्नात घालते आणि मग एकदम मेल्यावर. गावागावाचा कशिदा वेगळा, वर गेलेली आपली माणसं त्यावरूनच आपल्याला ओळखतात म्हणे. आजीने झगा छातीशी धरला, मेल्यासारखे डोळे मिटून दाखवले आणि खुदकन हसली. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडेही सवाष्ण गेली की हिरवं नेसवतातच की.

आणि लेकीने काय करावं? आजी हॉस्पिटलमध्ये असताना तो झगा एका म्युझियमला देऊन टाकला! घरात कसर लागेल, तिथे कायमचा राहील, आईला सरप्राइज. ओळखण्याबिळखण्याची गोष्ट तिला जुनी गंमत वाटली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, विचारायचंस तरी! आजी मात्र लेकीला एका शब्दाने बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

जरा हिंडूफिरू लागल्यावर ती मला घेऊन झगा बघायला गेली. काचेवर तिने तळहात टेकवला. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, हात लावू नका.

"माइन," आजी म्हणाली. "फॉर डाय."

तो गोड हसला. मी तिथल्या मॅडमना गाठलं, भांडले, शेवटी हात जोडले. दिलेली वस्तू परत होत नाही, शिवाय किडीसाठी औषध मारलंय, आता अंगात घालता येणार नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याला काय चाटायचंय? परतताना बसमध्ये मीच रडले, ती नाही. त्यानंतर तिने कुंपणापाशी येणंच सोडलं.

हिवाळ्यात ती गेली. लेकीने झग्यासाठी म्युझियमला फोन केला, पण ते वरातीमागून घोडं. आजीला तयार करायला तिने मला सोबत नेलं. ड्रेस निळा, नवाकोरा, दुकानातल्या घड्या तशाच. बाही चढवता चढवता लेक थांबली.

"यात तिला कोण ओळखणार?" तिने मला विचारलं.

तिच्यावर ओरडायचं मी किती महिने जिभेवर धरून ठेवलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "ओळखतील गं."

तिला ते पटलं नाही. मलाही नाही. मग आम्ही दोघींनी मिळून बटणं लावली.