माझ्या प्रबंधातून आईची हकालपट्टी

सांगलीला दातांच्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेताना मी दोन वर्षं लोकांचे गाल खरवडले. प्रबंधाचा विषयच तसा होता: दातांचा मोठा एक्स-रे काढल्यावर गालाच्या आतल्या पेशींना काही इजा होते का? एक्स-रेच्या आधी लाकडी पट्टीने गाल आतून खरवडायचा, दहा दिवसांनी परत खरवडायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. इजा झालेल्या पेशीत केंद्रकाशेजारी एक बारीक ठिपका दिसतो. ते ठिपके मोजायचे, मान अवघडून घ्यायची, झालं संशोधन.

अट एकच. पेशंटला तंबाखूची सवय नको, कारण तसे ठिपके तंबाखूनेही येतात. आता आमच्या भागात बिनतंबाखूचं तोंड शोधणं म्हणजे कारखान्याच्या गावात ऊस नसलेलं शिवार शोधणं. एका निवृत्त सुभेदारांनी तर छातीवर हात ठेवून 'निर्व्यसनी' सांगितलं आणि वाकल्याबरोबर त्यांच्या खिशातून चुन्याची डबी पडली.

अशात फलटणजवळच्या आमच्या गावाहून आई आली. तिची अक्कलदाढ ठणकत होती, एक्स-रे काढावाच लागणार होता. मला आयतं गिऱ्हाईक मिळालं.

"त्या फोटोनं तोंड नासतं म्हणत्यात लोकं," ती म्हणाली.

"तेच तर शोधतेय मी."

"आन् नासलं तर?"

"तर माझा प्रबंध गाजेल."

"मुडदा बशिवला तुझ्या प्रबंधाचा," म्हणत तिने तोंड उघडलं. मी गाल खरवडला. फॉर्ममध्ये 'व्यसन: नाही' असं न विचारताच लिहिलं. आईला कोण विचारतं?

एक्स-रे दुसऱ्या दिवशी होता. सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांनी तिची स्लाइड बघितली, तर जिकडे तिकडे ठिपके.

"ही एक्स-रेनंतरची?"

"आधीची, सर."

"पेशंटला काय सवय आहे?"

"सर, ती माझी आई आहे."

"मी नातं नाही विचारलं."

मी खोलीवर आले, तर आई मोरीत बसून बोटाने मिशरी लावत होती. लहानपणापासून रोज बघितलेलं दृश्य! मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. पण आईची मिशरी मला कधी तंबाखू वाटलीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तंबाकू न्हवं ही. दात घासायची हाय," ती म्हणाली.

मी तिचा खालचा ओठ ओढून बघितला. आत मसुराएवढा पांढरा चट्टा होता. मी तिला तशीच सरांकडे नेलं. सरांनी तपासून सांगितलं, आत्ता घाबरण्यासारखं नाही, पण मिशरी आजपासून बंद आणि दर महिन्याला दाखवायचं. एक्स-रे झाला, दाढही निघाली. कॅन्सर, ऑपरेशन, सगळं सांगून मी तिच्यापुढे हात जोडले. ती ढिम्म. शेवटी वैतागून म्हणाले, "तुझं नाव कापलंय प्रबंधातून. मिशरीवाली बाई चालत नाही."

तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी सगळ्या गावाचं गाल चालत्यात, आन् आईचा चालत न्हाई?"

"सोडलीस तर घेऊ परत."

सोडली. पहिले आठ दिवस डोकं धरून बसली, वडिलांवर भांडी आपटली, मला फोनवर शिव्या घातल्या. पण सोडली. तेव्हापासून दर महिन्याला एसटीने येते, खुर्चीत बसायच्या आधीच आ वासते आणि विचारते, "आता तरी घेतीस का मला?"

प्रबंध जमा करून सहा महिने झाले. ते मी तिला सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात चट्टा दिसेना, स्लाइडवर ठिपकेही शोधून सापडेनात. मला इतका आनंद झाला की खुर्चीतच तिला मिठी मारावीशी वाटली. पण तोंड पाडून म्हणाले, "आई, अजून लय ठिपके हायेत गं."